‘बांद्रा’ नावाची बोट

आज सकाळी एका फॉरवर्डने डोकं फिरवलं. मजकूर असा: इराणी लोकांना स्वतःचं राज्य कधी चालवताच आलं नाही, लढाई दारात आली की त्यांची सरकारं पटापट पडतात, म्हणून परक्यांना आत शिरावं लागतं. पुरावा म्हणून दुसऱ्या महायुद्धातला इराण दिलाय. साडेचार वर्षांत दहा सरकारं. आणि त्याखाली आपल्याच लोकांचे अंगठे आणि हसरे चेहरे.

दहाचा आकडा बरोबर आहे. ऑगस्ट १९४१ ते जानेवारी १९४६ चे पंतप्रधान: फरुगी, सोहेली, कवाम, पुन्हा सोहेली, साएद, बयात, हकीमी, सद्र, पुन्हा हकीमी, पुन्हा कवाम. खुर्ची दहा वेळा फिरली, माणसं सातच. पण का फिरली हे न सांगता नुसता आकडा तोंडावर फेकायचा, याला इतिहास म्हणत नाहीत. तुमच्यापैकी कुणाला वेगळं पटवायची गरज नाही हे ठाऊक आहे, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात आपल्याच बंदरापासून करतो. सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस इराणच्या बंदर अब्बासहून मुंबईकडे एक ब्रिटिश बोट निघाली. तिचं नाव ‘बांद्रा’. हो, आपल्या वांद्र्याचं इंग्रजी नाव. तिच्यावर रझा शाह पहलवी होता, दहा-पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत इराणचा राजा. सोबत कुटुंब. मुंबईला उतरायचं, थोडे दिवस थांबायचं आणि पुढे दक्षिण अमेरिकेला जायचं, अशी त्याची समजूत होती. मुंबई आली, पण बोट धक्क्याला लागलीच नाही. बाहेर समुद्रातच उभी ठेवली. क्लार्मंट स्क्राइन नावाचा ब्रिटिश अधिकारी बोटीवर चढला आणि त्याने सांगितलं की तुम्हाला मुंबईत पाय ठेवता येणार नाही, तुम्ही मॉरिशसला जाणार आहात. दुसरी बोट आली, तिचं नाव ‘बर्मा’. माणसं आणि सामान तिच्यावर चढवलं आणि मॉरिशस. तिथून पुढे जोहान्सबर्ग. २६ जुलै १९४४ ला तो तिथेच वारला.

रझा शाह काही संत नव्हता, हे आधीच मान्य करतो. विरोधक तुरुंगात मारले, लोकांच्या जमिनी लाटल्या, गादी सोडली तेव्हा देशातला सगळ्यात मोठा जमीनदार तोच होता. तो गेला म्हणून पुष्कळ इराण्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण त्याला घालवलं कुणी? इराणच्या लोकांनी नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हेच दिसत नाही.

२५ ऑगस्ट १९४१ च्या पहाटे दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून ब्रिटिश फौज आत शिरली, उत्तरेकडून सोव्हिएत. ब्रिटिशांच्या त्या फौजेत मोठा भरणा आपल्या हिंदी पलटणींचा होता, हे आपण विसरू नये. आबादानच्या धक्क्याला इराणी नौदलाचं ‘पलंग’ हे जहाज उभं होतं, ते तिथेच बुडवलं. खोर्रमशहरला नौदलप्रमुख बायंदोर मारले गेले. इराणने ४ सप्टेंबर १९३९ लाच तटस्थता जाहीर केली होती. कारण दिलं गेलं जर्मन माणसांचं: तंत्रज्ञ, व्यापारी, त्यांच्यात हेर. हेर होते, खोटं कशाला बोलू. पण खरी गरज वेगळी होती. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला होता आणि रशियाला रसद पोचवायला बारमाही वाट हवी होती. ती वाट इराणमधून जात होती.

ती वाट म्हणजे कोणती, तेही ऐका. ट्रान्स-इराणियन रेल्वे. इराणी आखातावरच्या बंदर शाहपूरपासून कास्पियन समुद्रावरच्या बंदर शाहपर्यंत १३९४ किलोमीटर. १९२७ ला काम सुरू, १९३८ ला पूर्ण. लहानमोठे साडेतीनशेहून जास्त पूल, २२४ बोगदे, त्यातले ११ डोंगराच्या पोटात वेटोळे घेत चढणारे. परदेशी कर्ज काढलं नाही. पैसा उभा केला चहा आणि साखरेवरच्या करातून. दातांत साखरेचा खडा धरून दिवसभर चहा पिणाऱ्या लोकांच्या देशात चहा-साखरेवर कर, म्हणजे गरिबातल्या गरिबाने घोटाघोटाला त्या रेल्वेचा हप्ता भरला. मार्ग चुकीचा होता असं तेव्हाच म्हणणारे होते, खासदार मोसादेक त्यांच्यात होते. व्यापार पूर्व-पश्चिम चालतो, रूळ दक्षिण-उत्तर कशाला, हा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा खोटा नव्हता, कारण त्या रुळांचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो परक्यांना.

पूर्ण झाल्यावर तीन वर्षांत लोकांच्या पैशाची ही रेल्वे गेली. तेहरानच्या दक्षिणेचा भाग ब्रिटिशांनी आणि १९४३ पासून अमेरिकनांनी चालवला, उत्तरेचा सोव्हिएतांनी. अंदिमेश्क ते दोरूद हा घाट सगळ्यात कठीण. एकेरी मार्ग, बोगद्यामागून बोगदा. वाफेचं इंजिन लांब बोगद्यात शिरलं की धूर आणि उष्णतेने चालकांचा जीव गुदमरायचा. वाळवंटात पाणी दुर्मीळ, मिळालं तर खारट, त्याने बॉयलरमध्ये थर साचायचा आणि इंजिन दुरुस्तीला जायचं. शेवटी अमेरिकनांनी डिझेल इंजिनं आणली. पाणी नको, धूर कमी. मग गाड्या वाढल्या. बंदरं वाढवली, खोर्रमशहर आणि अंदिमेश्कला सुटे भाग जोडून ट्रक उभे करण्याचे कारखाने टाकले. अमेरिकेने रशियाला दिलेल्या एकूण मदतीतला साधारण चौथा हिस्सा, चाळीस लाख टनांहून जास्त माल, याच वाटेने गेला. काम म्हणून ते अफाट होतं. हिटलर हरायलाच हवा होता, त्याबद्दल माझं दुमत नाही.

पण मालगाडीच्या वाघिणी मोजून असतात हो. एका एकेरी मार्गावर दिवसाला जेवढ्या मालगाड्या निघतात तेवढ्याच निघतात. त्यांत रशियाची रसद भरली की गहू मागे राहतो. ट्रकचंही तेच. देशातले चालते ट्रक युद्धाच्या मालाला लागले. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया घेतला आणि जगभर रबराचा दुष्काळ पडला. टायर मिळेनात. ज्या ट्रकवाल्याकडे ट्रक उरला होता त्याच्याकडे टायर नव्हते. खोरासानमध्ये धान्य असलं तरी ते तेहरानपर्यंत येणार कशावर? इराणचे उत्तरेचे प्रांत अझरबैजान, गिलान, माझंदरान, म्हणजे ज्या पट्ट्यात गहू-तांदूळ उरायचा तो सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात, तिथून धान्य दक्षिणेला सुटत नव्हतं. त्यात १९४२ चं पीक कमी आलं. जमीनदारांनी आणि व्यापाऱ्यांनी साठे दाबून ठेवले. हो, ते इराणीच होते. त्यांना मी सोडत नाही. पण भाव रोज चढणार हे दिसत असताना साठेबाज जगात सगळीकडे हेच करतो, आणि भाव कशामुळे चढत होते ते आता सांगतो. मला सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची येते.

आधी एका पाउंडाला ६८ रियाल पडायचे. फौजा आत आल्यावर त्याच शरद ऋतूत हा दर १४० वर नेला. पुढच्या वर्षी करार होऊन १३० च्या आसपास आला, बस. आता हिशेब करा. ब्रिटिश लष्कराच्या ठेकेदाराला रस्त्याच्या मजुरीसाठी १४०० रियाल वाटायचे आहेत. जुन्या दराने त्याला साडेवीस पाउंड मोजावे लागले असते, आता दहा. इराणचा मजूर, इराणचं मटण, इराणचं गवत, खेचरं, लाकूड, सगळं त्यांना अर्ध्या किमतीत. आणि इराणला बाहेरून काही आणायचं असेल तर ते दुप्पट महाग.

एवढ्यावर थांबलं नाही. परक्या सैन्याला रोजच्या खर्चाला लागणारे रियाल पुरवायचे इराणच्या राष्ट्रीय बँकेने, बँक मेल्लीने. म्हणजे छापायचे. बदल्यात लंडनच्या खात्यात पाउंड जमा. त्या पाउंडांचा माल आणावा म्हटलं तर युद्धात माल नाही, जहाजात जागा नाही. वहीत आकडा वाढतो आणि बाजारात नोटा वाढतात. माल तोच, उलट कमीच. मग भाव चढणार नाहीत तर काय होईल? आपल्याकडेही त्याच वर्षांत हेच चाललं होतं. आपलेही पाउंड लंडनला साठत होते आणि इथे नोटा छापल्या जात होत्या. तिकडे ट्रक काढून घेतले, बंगालमध्ये होड्या काढून घेतल्या. १९४३ ला बंगालचं काय झालं ते मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. तरी आपल्यातलाच एक जण हसतो की इराण्यांना राज्य करता येत नाही.

१९४२ च्या हिवाळ्यात कवाम पंतप्रधान होते. आणखी नोटा छापायला मजलिस, म्हणजे इराणची संसद, तयार होईना, कारण खासदारांनाही भाव दिसत होते. तेव्हा ब्रिटिश वकिलातीने गव्हाच्या मदतीची गाठ नोटांच्या कायद्याशी बांधली. आधी नोटा, मग गहू. हे ज्याला ‘अस्थिरता’ वाटतं त्याने एक दिवस त्या पंतप्रधानाच्या खुर्चीवर बसून बघावं. नोटा छापल्या तर भाव भडकतात, नाही छापल्या तर पाव मिळत नाही.

पाव. तेहरानचा माणूस संगकवर वाढलेला. गरम खड्यांवर भाजलेली, हातभर लांब, खरपूस रोटी, सकाळी भट्टीवरून खांद्यावर टाकून घरी न्यायची. त्या वर्षी लोकांच्या हातात आला तो सरकारी कोठारातल्या पिठाचा काळा पाव, ‘सिलोचा पाव’. जव आणि हाताला लागेल ते त्यात मिसळलेलं. तोडला की भुसा गळायचा, चिकट, दाताला लागणारा. तोही मिळवायला पहाटेपासून रांग. ८ डिसेंबर १९४२ ला रांगा फुटल्या. विद्यार्थी, बायका, कामगार मजलिसपुढे जमले, आत शिरले, बाजारात दुकानं फुटली, कवाम यांचं घर जाळलं. सैन्याने गोळीबार केला, शहरात लष्करी कायदा आला, वर्तमानपत्रं बंद केली. दंगलीला दरबाराची फूस होती असं कवाम यांचे लोक म्हणायचे. असेलही. पण उपाशी माणसाला फूस लावायला काय लागतं? पुढच्या वर्षी टायफसची साथ आली. फेब्रुवारीत कवाम यांचं पद गेलं. फॉरवर्डमधल्या दहा सरकारांपैकी एक असं पडलं.

त्याच १९४२ मध्ये सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले लाखाहून जास्त पोलिश निर्वासित आणि सैनिक कास्पियनवरच्या पहलवी बंदरात उतरले होते. हाडांचे सापळे झालेली मुलं. स्वतः रांगेत उभ्या असलेल्या देशाने त्यांना जागा दिली. त्यांच्यातलेच काही हजार पुढे आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिले, १९४८ पर्यंत. कोल्हापूरकर त्याबद्दल अभिमानाने बोलतात, बोलावंच. पण त्या मुलांना वळिवड्याच्या आधी इराणने सांभाळलं होतं, हेही सोबत बोला.

आता मोहम्मद अली फरुगी. यांच्याबद्दल लिहिताना माझा राग जरा उतरतो. पासष्टीला टेकलेला, आजारी, विद्वान माणूस. फारसी कवी सादीच्या ग्रंथांचं संपादन केलेला. १९३५ मध्ये मशहदच्या गौहरशाद मशिदीत गोळीबार झाला, त्यानंतर रझा शाहने त्यांच्या व्याह्याला, असदींना, देहदंड दिला आणि फरुगींना घरी बसवलं. सहा वर्षं ते पुस्तकांत होते. ऑगस्ट १९४१ मध्ये फौजा आत आल्या तेव्हा त्याच रझा शाहला त्यांनाच बोलवावं लागलं. ते आले. सैन्य कोलमडलं होतं, सेनापतींनी सक्तीभरतीचे सैनिक खिशात दमडी नसताना सोडून दिले होते आणि ती पोरं गावाकडे अनवाणी चालत निघाली होती. १६ सप्टेंबरला राजीनाम्याचा मसुदा फरुगींनी लिहिला, रझा शाहने सही केली. दुसऱ्या दिवशी परक्या फौजा तेहरानमध्ये. रझा शाहच्या एकवीस वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून, राजघराणं टिकवून, देशाचे तुकडे होऊ न देता या माणसाने २९ जानेवारी १९४२ ला करार केला.

तो करार नीट वाचा. परक्यांना रेल्वे, रस्ते, बंदरं, विमानतळ, तारायंत्र सगळं वापरायला मोकळीक. पण त्यात तीन गोष्टी फरुगींनी लिहून घेतल्या. देशाचं स्वातंत्र्य आणि सीमा मान्य. या सैन्याचं असणं म्हणजे लष्करी कब्जा नव्हे. आणि युद्ध संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत सैन्य बाहेर. तेव्हा मजलिसमध्ये त्यांना शिव्या बसल्या. मार्चमध्ये त्यांनी पंतप्रधानपद सोडलं, नोव्हेंबरमध्ये वारले. पण ‘सहा महिने’ हे दोन शब्द त्या कागदावर राहिले, आणि पुढे त्या शब्दांनीच देश वाचवला.

‘बांद्रा’ मुंबईबाहेर उभी होती तेव्हा फरुगी तेहरानमध्ये या वाटाघाटींत गुंतलेले होते. रझा शाह समुद्रात अडकलेला, फरुगी कागदांत. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं, दोघांवरही सक्ती एकाच ठिकाणची.

पुन्हा तापतोय, कारण पुढचं तसंच आहे. डिसेंबर १९४३ च्या तेहरान जाहीरनाम्यात रूझवेल्ट, चर्चिल, स्टालिन तिघांनी इराणच्या मदतीबद्दल आभार मानले. ते तिघं तेहरानमध्ये होते, पण तरुण शाहला भेटायला त्याच्याकडे गेला तो एकटा स्टालिन. बाकी दोघांकडे शाहलाच जावं लागलं, स्वतःच्या राजधानीत. सप्टेंबर १९४४ मध्ये सोव्हिएत उपमंत्री कावतारादझे उत्तरेच्या तेलाचा हक्क मागायला आले. पंतप्रधान साएद म्हणाले, युद्ध संपेपर्यंत कुणालाच नाही. मग सोव्हिएतांच्या बाजूच्या डाव्या तुदेह पक्षाचे मोर्चे निघाले, सोव्हिएत सैनिक त्यांच्या बाजूला उभे. साएद गेले. आणखी एक सरकार मोजा. त्यावर डिसेंबरात मोसादेक यांनी मजलिसमधून कायदा करून घेतला: मंत्र्याने परक्यांशी तेलहक्काची नुसती बोलणी केली तरी तीन ते आठ वर्षं तुरुंग. हेच ते ‘राज्य चालवता न येणारे’ लोक.

सप्टेंबर १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. म्हणजे मुदत २ मार्च १९४६. अमेरिकन आधीच गेले, ब्रिटिश मुदतीत गेले. सोव्हिएत बसून राहिले. त्याआधी नोव्हेंबरमध्ये तेहरानहून अझरबैजान प्रांतातल्या तब्रीझकडे निघालेली इराणी सैन्याची तुकडी त्यांनी कझवीनपाशीच अडवली होती. स्वतःच्या देशात, स्वतःच्या रस्त्यावर, इराणचं सैन्य थांबलेलं. मग तब्रीझमध्ये तेहरानला न जुमानणारं पिशेवरींचं सरकार, महाबादमध्ये काझी मोहम्मद यांचं कुर्द सरकार. तिथल्या लोकांच्या तक्रारी खऱ्या होत्या, रझा शाहने त्यांची भाषा शाळेतून हद्दपार केली होती. पिशेवरी तब्रीझमधून निवडून आले होते आणि मजलिसने त्यांना बसू दिलं नाही, ही तेहरानची चूकच. पण आडोसा कोणत्या सैन्याचा होता, तेही बोला.

कवाम पुन्हा आले. ज्याचं घर जाळलं होतं तोच माणूस. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोला गेले. इकडे इराणचे प्रतिनिधी हुसेन अला यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार लावून धरली, सोव्हिएत प्रतिनिधी ग्रोमिको उठून निघून गेले तरी सोडली नाही. एप्रिलमध्ये कवाम यांनी सोव्हिएतांशी तेलाचा करार केला, पण अट अशी की नवीन मजलिसने मंजूर करायचा. आणि मजलिसने आधीच कायदा करून ठेवला होता की परकी फौज देशात असेपर्यंत निवडणूक होणार नाही. तेल हवं तर मजलिस हवी, मजलिस हवी तर निवडणूक, निवडणूक हवी तर सैन्य बाहेर काढा. मेमध्ये सैन्य बाहेर गेलं. डिसेंबरमध्ये इराणी सैन्य तब्रीझमध्ये शिरलं, तिथे नंतर जे सूड उगवले गेले आणि काझी मोहम्मदना फाशी दिली गेली, त्याचं समर्थन मी करणार नाही. २२ ऑक्टोबर १९४७ ला मजलिसने तो करार फेटाळला. १०२ विरुद्ध २. आधार मोसादेक यांच्या कायद्याचा.

त्या फॉरवर्डखाली मी ६८ आणि १४० हे दोन आकडे टाकलेत. अजून कुणी काही बोललेलं नाही.

एक विनंती. ज्यांच्याकडे घरी किंवा गावच्या ग्रंथालयात ऑक्टोबर १९४१ चे मराठी वर्तमानपत्रांचे बांधीव अंक असतील त्यांनी पहिले दोन आठवडे चाळून बघा. इराणचा राजा आपल्या बंदराबाहेर थांबवून ठेवला होता, हे मुंबईत कुणी छापलं होतं का, की युद्धाच्या सेन्सॉरने तेही दाबलं? सापडलं तर फोटो काढून इथे टाका. ‘बांद्रा’ असंच लिहिलं असेल तर चांगलं, ‘वांद्रे’ असेल तर आणखी चांगलं.